सोल्यूशनची खोली

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी धुळ्याला माहेरी गेले होते, तेव्हा माझ्या मोठ्या भावाच्या दंडावर मला ते डाग दिसले. तो ताटावर बसला होता. सदऱ्याच्या बाह्या वर दुमडलेल्या, वहिनी वाटीत आमरस वाढत होती. दंडाच्या आतल्या बाजूला, जिथे कातडी मऊ असते तिथे, निळसर काळे डाग होते. एखादा नव्हे, बरेच. कुठे आपटलं का, म्हणून मी विचारलं.

"टायर उचलताना लागनं व्हई," तो म्हणाला आणि पोळीचा तुकडा रसात बुडवला.

टायर उचलताना दंडाच्या आत लागत नाही. मी जळगावात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. दिवसभर माणसांचे दंड बांधायचे, शीर शोधायची, रक्त काढायचं, हेच माझं काम. कुठला डाग लागल्याचा आणि कुठला रक्तातल्या बिघाडाचा, हे सांगणं डॉक्टरचं काम असलं तरी रोज बघून डोळ्यांना शंका येतेच. माझं जेवणातलं लक्ष उडालं. वहिनी शहरात वाढलेली, ती आमच्यासारखी अहिराणी बोलत नाही. ती हळूच म्हणाली, "सकाळी दात घासताना यांच्या हिरड्यांतून रक्त येतं. दुपारी जिना चढून आले की यांना धाप लागते. मी सांगून थकले."

"उन्हाळा शे," भाऊ म्हणाला. विषय संपला.

आमचा टायर रिमोल्डचा कारखाना आहे. धुळ्यात आग्रा रोड आणि सुरत-नागपूर रस्ता एकमेकांना छेदतात, त्यामुळे ट्रकांना तोटा नाही आणि झिजून गोटा झालेल्या टायरांनाही नाही. आमच्या वडिलांनी, म्हणजे नानांनी, तो सुरू केला. जुनं टायर आलं की आधी मशीनवर त्याचा वरचा झिजलेला थर खरवडायचा. मग त्या खरवडलेल्या अंगावर ब्रशने सोल्यूशन लावायचं, ते वाळलं की नव्या रबराचा पट्टा चढवायचा आणि भट्टीत शिजवायचं. सोल्यूशन म्हणजे पातळ केलेलं रबर. कच्च्या रबराचे तुकडे कापून पिंपात टाकायचे, वर थिनर ओतायचं आणि ठेवून द्यायचं. दुसऱ्या दिवशी त्याची काळी खीर झालेली असते.

ब्रश मारायची खोली वेगळी होती. ओल्या सोल्यूशनवर धूळ बसली की रबर धरत नाही, म्हणून तिचं दार कायम लोटलेलं. पंखाही नाही. माणसं खाली पाटावर बसून टायर फिरवत फिरवत ब्रश मारायची. लहानपणी शाळेतून आले की मी थेट त्या खोलीत जायची, कारण तिथला वास मला आवडायचा. गोडसर वास. पेट्रोलसारखा, पण पेट्रोलपेक्षा मऊ. नाना त्या थिनरला बेन्झॉल म्हणायचे. संध्याकाळी हाताला चिकटलेलं रबर निघत नसे, तेव्हा ते चिंधी बेन्झॉलमध्ये बुडवून कोपरापर्यंत हात पुसायचे. हात एकदम स्वच्छ व्हायचे. त्यांना भीती एकाच गोष्टीची होती, आगीची. खोलीच्या आसपास कोणी विडी पेटवली तर ते त्याला त्याच दिवशी कामावरून काढत. वासाची भीती असते हे कोणाला ठाऊकच नव्हतं.

आखाजीनंतर मी जळगावला परत आले आणि रोज भावाला फोन करू लागले. ये, रक्त देऊन जा. तो टाळायचा. शेवटी सावद्याच्या एका केळीवाल्या ट्रान्सपोर्टची टायरं पोचवायची होती, तेव्हा जाताना तो लॅबवर थांबला. गाडी चालूच ठेवून आला होता. मी रक्त काढलं आणि कापूस लावून दाबून धरायला सांगितलं. इतरांचं मिनिटभरात थांबतं. त्याचा कापूस भिजला, दुसरा लावला, तोही भिजला. तो खुर्चीत बसून गाडीकडे बघत होता आणि मी त्याच्या दंडावर अंगठा दाबून उभी होते. रक्त थांबलं तेव्हा तो उठला, "संध्याकाळी सांग," म्हणाला आणि गेला.

मशीनने आकडे दिले ते मला खरे वाटेनात. मी पुन्हा लावलं. पुन्हा तेच. मग काचेवर थेंब ओढला, रंग दिला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. निरोगी रक्ताच्या काचेवर गर्दी असते. लाल पेशी खेटून बसलेल्या असतात, त्यांच्यात जांभळ्या केंद्रकाच्या पांढऱ्या पेशी सहज भेटतात, बारीक बारीक प्लेटलेट्स विखुरलेल्या दिसतात. भावाच्या काचेवर मला शोधावं लागत होतं. काच सरकवत राहिले, सरकवत राहिले, तेव्हा कुठे एखादी पांढरी पेशी. प्लेटलेट्स तर जवळजवळ नाहीतच. मी अशा काचा आधी पाहिल्या होत्या. त्या परक्या कोणाच्या तरी असायच्या.

मी संध्याकाळची वाट पाहिली नाही. तो भुसावळच्याही पुढे नसेल तेव्हाच फोन केला आणि परत फिर म्हणून सांगितलं. टायरं उतरवल्याशिवाय तो फिरला नाही.

पुढचे काही दिवस नाशिकमध्ये गेले. तिथल्या रक्ताच्या डॉक्टरीणबाईंनी कमरेच्या हाडातून मज्जा काढून तपासली. भाऊ पालथा पडला होता, मी त्याच्या डोक्याशी उभी होते. तो एवढंच म्हणाला, "ट्रकना जॅक लाई राहिनात का?" निकाल आला तेव्हा बाई आम्हाला समोर बसवून सावकाश बोलल्या. हाडातल्या मज्जेत रक्त तयार होतं, आणि याच्या मज्जेत पेशी फार कमी उरल्यात. कॅन्सर दिसत नाही. पण मज्जा रक्त बनवायचं विसरत चाललीय. मग त्यांनी विचारलं, "धंदा काय करता?"

"टायर रिमोल्ड."

"टायरला काय लावता?"

"सोल्यूशन."

"त्यात काय असतं?"

भावाने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे. त्याचं अख्खं आयुष्य त्या खोलीत गेलं होतं, माझं बालपण गेलं होतं, आणि आम्हा दोघांनाही उत्तर येत नव्हतं. "थिनर," तो शेवटी म्हणाला. बाईंनी मान हलवली. "थिनर हे नाव झालं. आत काय आहे ते शोधा. बेन्झीन असेल तर तिथून आधी बाजूला व्हा, मग बाकीचं बघू."

बेन्झीन. नानांचं बेन्झॉल ते हेच, हे मला बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला कळलं होतं. सहा कार्बनचं ते षटकोनी चित्र मी वहीत शेकडो वेळा काढलं असेल. पण ते वहीतलं बेन्झीन आणि खोलीतला गोड वास या दोन गोष्टी माझ्या डोक्यात कधी शेजारी बसल्याच नव्हत्या. शिवाय मला वाटत होतं, ते नानांच्या काळातलं. मधल्या वर्षांत दुसरं काहीतरी यायचं, पेट्रोलच्या वासाचं. भाऊ म्हणाला, तो जुना व्यापारी कोरोनात बंद झाला, त्यानंतर नवा आला. त्याच्या पिंपावर चिठ्ठी नसते. माल मात्र चांगला, रबर पटकन विरघळतं, ब्रश सरसर चालतो.

भाऊ दवाखान्यात असताना मी धुळ्याला गेले आणि त्या पिंपातलं थोडं थिनर औषधाच्या छोट्या बाटलीत, गच्च बूच लावून, घेऊन आले. पाण्यासारखं स्वच्छ. बाटली उघडली आणि मला शाळेतून आल्यासारखं वाटलं. मग लगेच बूच लावलं आणि खिडकीशी जाऊन उभी राहिले. इतक्या वर्षांनी आवडता वास भेटला आणि मला श्वास रोखावासा वाटत होता.

एक गोष्ट मला आठवत होती. पेट्रोल कितीही थंड केलं तरी घरच्या फ्रिजमध्ये गोठत नाही. बेन्झीन मात्र पाण्याच्या आधीच, पाचेक अंशांवर गोठतं. मी लॅबच्या फ्रिजमध्ये, जिथे आम्ही रसायनं ठेवतो, तिथे मागच्या थंड कोपऱ्यात ती बाटली ठेवली. सकाळी दार उघडलं. बाटलीत पांढरे, खडीसाखरेसारखे खडे झाले होते. तिरकी केली तरी हलेनात. हातात धरून उभी राहिले तर तळहाताच्या उबेने कडेने सुटू लागले.

ती बाटली घेऊन मी कॉलेजातल्या माझ्या रसायनशास्त्राच्या सरांकडे गेले. ते अजून शिकवतात. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांचा पहिला प्रश्न होता, "फ्रिजमध्ये कशाला ठेवलंस? बूच जरा सैल असतं तर वाफ आत साचली असती. फ्रिज आत ठिणगी पाडतो. दार उडालं असतं."

मग ते म्हणाले, गोठलं म्हणून बेन्झीनच असं धरून चालू नकोस, दुसरेही एक-दोन द्रव असे गोठतात. त्यांनी वाफ ओढून घेणाऱ्या काचेच्या कपाटात चिनीमातीच्या बशीत दोन थेंब टाकले आणि लांब काडीने पेटवले. पिवळी ज्योत उठली आणि तिच्या टोकातून काजळीचे काळे धागे निघून वर तरंगायला लागले. "बघ," सर म्हणाले, "कार्बन जास्त, हायड्रोजन कमी. अशी काजळी साधं पेट्रोलही धरत नाही." उरलेला नमुना त्यांनी ओळखीने एका मोठ्या प्रयोगशाळेत पाठवला. तिथून पक्कं कळलं. पिंपातलं थिनर जवळजवळ सगळं बेन्झीनच होतं.

ते कळलं त्या दिवशी सर बराच वेळ बोलत होते आणि मी बसू शकत नव्हते, टेबलाभोवती फिरत होते. ते म्हणाले, याची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीवरून सरपटते. म्हणजे पाटावर बसून काम करणारा माणूस तिच्यात बुडालेला. हाताला लागलं तर कातडीतूनही थोडं आत जातं. वास येतो म्हणून कळेल असं समजू नकोस, वास येतो तेव्हा ते घातक पातळीच्या पुढे गेलेलं असतं, आणि रोज घेतला की नाकाला तो वास येईनासा होतो. शरीर त्याला बाहेर काढायला जातं, यकृत त्याचं दुसरं काहीतरी करतं, आणि ते दुसरं मज्जेला जाऊन लागतं. माझ्या भावाच्या दंडावरच्या डागांची वाट सरांनी अशी फळ्याविना काढून दिली.

मी विचारलं, मग हे बनवतात कशाला? बंदच का करत नाहीत?

सर हसले नाहीत. त्यांनी हात फिरवून खोली दाखवली. "हे बंद केलंस तर यातलं निम्मं जाईल. थर्माकोल याच्यापासून. नायलॉन याच्यापासून. कपडे धुवायची पावडर, फिनेल, औषधाच्या कितीतरी गोळ्या. तू काचेवर पेशींना जो रंग देतेस ना, तोही याच घराण्यातला. मोठ्या कारखान्यांत हे बंद नळ्यांतून फिरतं, माणसाच्या नाकापर्यंत येऊ देत नाहीत. तुमच्याकडे ते उघड्या पिंपात होतं, एवढाच फरक."

एवढाच फरक. मी घरी आले आणि मला घरात काही धड दिसेना. बादली, चटई, स्वयंपाकघरातल्या बाटल्या, सगळ्याकडे मी संशयाने बघायला लागले. पेट्रोल पंपावर स्कूटीत पेट्रोल भरताना वाऱ्याची दिशा बघून उभी राहायची. नवरा म्हणाला, तू आता हवेचाही रिपोर्ट काढशील. तो चेष्टा करत होता, मला हसू येत नव्हतं. माझं स्वतःचं रक्त मी तीनदा तपासलं. तिन्ही वेळा बरं निघालं, तरी विश्वास बसायला वेळ लागला.

खरी पंचाईत पुढे होती. भाऊ प्लेटलेट्स चढवून, औषधं सुरू करून घरी आला आणि दुसऱ्या आठवड्यात कारखान्यात जाऊन बसला. मी कळल्या कळल्या धुळ्याला गेले. तो त्या खोलीच्या दारातच खुर्ची टाकून बसला होता. आत मिस्तरी ब्रश मारत होते. मिस्तरी शिरपूरच्या पुढचे, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावचे. नानांच्या वेळेपासून आमच्याकडे. मी भावाला सांगितलं, हे थिनर आजपासून बंद.

"हाई बंद करी दिधं ते खासूत काय?" भाऊ म्हणाला.

मी म्हटलं, दुसरं मिळतं. थोडं सावकाश वाळतं, पण त्यात हे नसतं.

"तू लॅबम्हा बठी राहस. तुले धंदानं काय माहीत?" त्याचा आवाज चढला. चढताना त्याला धाप लागली. "नानानी आख्खी जिंदगी याम्हा काढी. हात धोवाले हाईच ले. त्याले काय व्हयनं?"

तो प्रश्न विचारून तो थांबला. आत ब्रशचा आवाज बंद झाला होता.

नाना गेले ते अशक्तपणाने गेले, असं आम्ही सगळे सांगत आलो होतो. शेवटच्या वर्षी ते पिवळट पडले होते. नाकातून रक्त यायचं, तेव्हा आई कांदा फोडून हुंगायला द्यायची. बीट, डाळिंब, खजूर, गूळ-शेंगदाणे, कोणी काय सांगेल ते आम्ही खाऊ घालत होतो. एकदा ताप आला तो उतरलाच नाही. त्या काळात कोणी मज्जा तपासली नाही आणि आता तपासता येत नाही. मी आजही ठामपणे काही सांगू शकत नाही. माणसं पन्नास कारणांनी पिवळी पडतात. पण त्या दुपारी दारात उभं असताना आम्हा दोघांच्याही डोक्यात नानांचे तेच हात आले असणार, कोपरापर्यंत पुसलेले, स्वच्छ.

भाऊ खाली मान घालून बसला. मग म्हणाला, "मिस्तरीनं रगत देख."

मी त्या दिवशी तयारीनेच गेले होते. मिस्तरींचं, मशीनवरच्या दोघांचं आणि वहिनीचंही रक्त काढलं. वहिनीचं का, तर भावाचे कामाचे कपडे ती हाताने धुवायची. ती म्हणाली, "कपडे भिजवले की पाण्यावर तेलासारखा तवंग यायचा. मला वाटायचं वंगण असेल." मशीनवरच्या दोघांचं ठीक निघालं. वहिनीचं ठीक. मिस्तरींचं कमी. भावाइतकं नाही, पण कमी.

मिस्तरींना मी ते सांगितलं तेव्हा त्यांनी ब्रश खाली ठेवला नाही. "माले काय व्हयेल नही शे," ते म्हणाले. "चक्कर येस कव्हय कव्हय. ती ते बठ्ठासले येस." मी म्हटलं, सगळ्यांना नाही येत, या खोलीत बसणाऱ्यांना येते. ते भावाकडे बघत राहिले. भाऊ म्हणाला, "मिस्तरी, घर जा. पगार चालू राही." त्यावर ते चिडले. घरी बसायला मी म्हातारा झालो का, म्हणाले. डबा उचलून गेले आणि पुढे कितीतरी दिवस कोणाचा फोन घेतला नाही.

आता राहिली पिंपं. एक अर्धं आणि एक सीलबंद. नव्या व्यापाऱ्याला भावाने फोन लावून स्पीकरवर टाकला. तो म्हणाला, भाऊ, माल परत घेत नाही, आणि बेन्झीनबिन्झीन काय असतं मला माहीत नाही, मी थिनर विकतो. पुन्हा लावला तर उचलेना. मशीनवरचा एकजण म्हणाला, मागच्या नाल्यात ओतून टाकू, जाईल वाहून. मी ओरडलेच त्याच्यावर. पाण्यावर ते तरंगत जातं, वाफ गटारातून दुसऱ्याच्या घराखाली शिरते, आणि तिकडे कोणी चूल पेटवली तर ज्योत त्या वाफेवरून उलटी येऊ शकते. दुसरा म्हणाला, मग खड्डा करू. मागे बोअरवेल होती, आजूबाजूचे सगळे तिचं पाणी भरतात. जाळू, म्हणाला. कसं जाळणार? एवढं सगळं जाळायचं म्हणजे गल्लीच पेटवायची.

तर ती पिंपं तशीच उभी राहिली. आम्ही ती सावलीला पत्र्याच्या शेडखाली नेऊन ठेवली, वर ताडपत्री, भोवती वाळूच्या गोण्या. मी जळगावला आले तरी डोक्यात पिंपंच. मेमध्ये धुळ्याचं ऊन काय असतं ते धुळ्याच्या माणसाला सांगावं लागत नाही. दर दुपारी मी वहिनीला फोन करायची, पिंपं फुगलीत का बघ. ती बिचारी चपला घालून बघून यायची. सरकारी कार्यालयात विचारलं, तिथल्या साहेबांनी ऐकून घेतलं आणि घातक कचरा नेणाऱ्या गाडीचा पत्ता दिला. ती गाडी दोन पिंपांसाठी यायला तयार नव्हती. शेवटी सरांनी औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याशी बोलून त्यांच्या कचऱ्यासोबत आमची पिंपं न्यायची व्यवस्था केली. ज्या दिवशी ती गाडीत चढली, त्या दिवशी वहिनी अंगणात उभी राहून गाडी वळेपर्यंत बघत होती. मग आत जाऊन पंखा लावून झोपली, म्हणाली, आज मला कोणी उठवू नका.

त्या खोलीची एक भिंत भावाने पाडली. खाली जमिनीलगत बाहेर हवा फेकणारे पंखे बसवले, कारण जड वाफ खालीच असते. नवं थिनर चिठ्ठी लावलेल्या पिंपात येतं. तेही पेट घेतं, त्याचीही वाफ चांगली नव्हेच, पण त्यात ते बेन्झीन नाही, असं चिठ्ठीवर लिहिलेलं आहे आणि मी सरांकडून एकदा तपासूनही घेतलंय. पहिल्या महिन्यात धूळ बसून चार टायरांचे पट्टे सुटले, ट्रान्सपोर्टवाल्याने शिव्या घातल्या. मग पाडलेल्या भिंतीच्या जागी बारीक जाळी लावली.

मिस्तरी पावसाळ्यात गावी ज्वारी पेरून आले आणि एक दिवस आपणहून माझ्या लॅबमध्ये उभे राहिले. बाही वर करूनच आले होते. त्यांचं रक्त वाढलं होतं. मी सांगितलं तेव्हा त्यांनी मान डोलावली, जसं काही त्यांना माहीतच होतं. आता ते खरवडायच्या मशीनवर असतात. तिथे धूळ असते, म्हणून तोंडाला फडकं बांधा म्हणते. बांधत नाहीत.

भावाचं मात्र तितकं सुधारलं नाही. वर्षभर औषधं झाली, अनेकांनी रक्त दिलं, दोनदा तापाने दवाखान्यात राहून आला. मज्जेने थोडं काम पुन्हा सुरू केलंय, पूर्ण नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे बेन्झीनमुळेच झालं हे मी कागदावर लिहून देऊ शकत नाही, आणि नाही झालं हेही म्हणू शकत नाही. पुढे काही वेगळं वळण घेऊ शकतं, तपासत राहा. म्हणून तो नियमाने जळगावला येतो, मी काच बनवते आणि शोधते. कधी पेशी बऱ्या दिसतात, तेव्हा मी दुसरी काच बनवते, पहिली चुकीची असेल या भीतीने.

मधल्या काळात मी एक करायला लागले. रविवारी हायवेवरच्या इतर रिमोल्डवाल्यांकडे जायचं, काय वापरता विचारायचं, रक्त देता का विचारायचं. बरेच जण हाकलतात. एकाने विचारलं, तुम्हाला कोणत्या ऑफिसने पाठवलं? मी म्हटलं, कोणी नाही. त्याचा विश्वास बसला नाही. परवा मात्र भाऊ म्हणाला, मी येतो. मी नको म्हणाले, तरी गाडीत येऊन बसला.

पारोळ्याच्या रस्त्याला एक शेड आहे. मालक नानांच्या ओळखीतला, वयस्कर. मला त्याने मागच्या वेळी दारातूनच परत पाठवलं होतं. या वेळी भाऊ पुढे गेला. शेडमध्ये कोपऱ्यात दोन माणसं पाटावर बसून ब्रश मारत होती, शेजारी थिनरचा उघडा डबा. वास मला बाहेरपर्यंत आला, तोच होता की दुसरा, हे नुसत्या नाकाने सांगता येत नाही. भाऊ आत गेला नाही. उंबऱ्याशी उभा राहून हाक मारली. म्हातारा बाहेर आला, भावाकडे बघत राहिला. भाऊ निम्मा राहिला होता.

"काय व्हयनं रे तुले?" म्हाताऱ्याने विचारलं.

भावाने काही सांगितलं नाही. बाही वर करून दंड दाखवला. म्हाताऱ्याने चष्मा वर ढकलून बारकाईने पाहिलं. मग तो आतल्या दोघांकडे वळून म्हणाला, "ए, भाईर या जरा. हात धोईसन या." आणि लगेच, "त्या डब्बाम्हा नको. नळवर."

ते दोघे नळावर गेले. मी गाडीतून रक्त काढायची पेटी काढली.